अंगाचा रंग

आमच्या माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा असायचा. त्याच्या झाकणावर दादानं खिळ्यानं कोरून ‘अंग’ असं लिहिलं होतं. बाकीच्या डब्यांवर लाल, पिवळा, पोपटी, आकाशी अशी नावं. या एकट्यावर रंगाचं नाव नव्हतं. पांढऱ्या रांगोळीत थोडा पिवळा, चिमूटभर लाल आणि जरासा गेरू घालून, तीनदा चाळून केलेली भुकटी त्यात भरलेली असे. नवरात्रात आमच्या जूचंद्र गावच्या शाळेत रांगोळ्यांचं प्रदर्शन भरायचं. गावातली पोरं जमिनीवर माणसांचे चेहरे काढायची, आणि ते इतके हुबेहूब की लांबलांबच्या गावांतून माणसं बघायला यायची. पुढारी असो, देवी असो, सिनेमातली नटी असो की कुणाचे वारलेले आजोबा असोत, सगळ्यांचं अंग त्याच डब्यातलं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. पुढे आयुष्यभर मी चित्रकलेची शिक्षिका होते, आणि दर वर्षी पहिल्याच तासाला एखादं काळंसावळं पोर हात पुढे करून म्हणायचं, “बाई, स्किन कलर द्या ना.” त्याला हवा असायचा तो पिकल्या पपईच्या गरासारखा गुलाबी खडू. मी दर वेळी चिडायचे. मुलांना वाटायचं, बाईंचं डोकं आज फिरलंय.

घर आमचं गावाच्या कडेला होतं. पुढच्या दारी भातशेती, मागच्या दारी भरतीचं पाणी शिरणारं खाजण, आणि त्यापलीकडे मिठागर. आज त्या जागी काय आहे ते मी सातव्या मजल्याच्या खिडकीतून रोज बघते. सांगण्यासारखं काही नाही, इमारती आहेत. तेव्हा बाबा मिठागरावर बांधांचं काम बघायचे. आई घरचं, शेताचं आणि आमच्या सगळ्यांच्या जिभांचं बघायची. सकाळी तांदळाच्या भाकरी थापल्याचा आवाज, दुपारी चाळणीचा. दादा रांगोळी चाळायला बसला की घरभर पांढरी धूळ उडे, आणि आई सुक्या जवळ्यावर झाकण ठेवत पुटपुटे, “उद्या कालवनात बी रांगोली येल.” नवरात्र बसलं की मासळी बंद. मग नऊ दिवस वालाचं बिरडं आणि लाल भोपळा. बाबा ताटावर बसले की भोपळ्याकडे असं बघायचे, जणू त्यानंच काही गुन्हा केलाय.

आणि आत्या. हिराआत्या, बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली होती. का, ते घरात कुणी बोलत नसे. मोसमात ती मिठागरावर जायची, एरवी घरातलं जे काम कुणालाच नको ते तिचं. बोलणं कमी. मात्र नजर अशी की मिठागराच्या वाफ्यातल्या पाण्याकडे नुसतं बघून सांगायची, “आज नाय. उद्या दुपारी मीठ पडंल.” पाणी आधी गढूळ, मग तांबूस, मग त्यावर साय धरल्यासारखं काहीतरी. मला सगळं सारखंच दिसायचं. तिला त्यात दहा रंग दिसायचे. बाबा मुकाट्यानं तिचं ऐकायचे, पण चारचौघांत कधी कबूल करायचे नाहीत.

मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या पायाला भिंगरी लागली होती. घरात बसवत नव्हतं, शेतात रमवत नव्हतं, रात्री अंथरुणावर पडले तरी बोटं पांघरुणावर काहीतरी गिरवत राहायची. मला मुंबईला जाऊन चित्रकला शिक्षकाचा कोर्स करायचा होता. दादरला मावशी होती, राहण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न बाबांचा होता. ते नाही म्हणत नव्हते, “बघू” म्हणत होते, आणि आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. त्याच वर्षी खाडीपलीकडच्या गावातून माझ्यासाठी विचारणा आली. मुलगा नोकरीला, घर पक्कं. मुलाची आई सातव्या माळेला देवीच्या दर्शनाला येणार, येता येता रांगोळ्या बघणार आणि रांगोळीसोबत मलाही बघणार, असं ठरलं. आईनं दादाच्या मागे लागून माझ्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये दाराजवळची एक जागा मिळवली. तोपर्यंत तिथं सगळी पोरंच काढायची. मुलींनी आपापल्या उंबऱ्यावर ठिपके मांडायचे. आईचा हिशेब सरळ होता. कॅलेंडरवरची लक्ष्मी छान काढली, तर पोरगी गुणाची आहे हे पावण्यांना वेगळं सांगायला नको. माझाही हिशेब सरळच होता. असं काही काढायचं की बाबांच्या तोंडून ‘बघू’ पुन्हा येता कामा नये.

लक्ष्मी काढायची नाही हे मी मनात ठरवून टाकलं होतं. माझ्या वहीत आत्याचं पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र होतं. उन्हाळ्यात भर दुपारी, मिठाच्या ढिगाशेजारी ती टेकली असताना काढलेलं. कपाळावर आडवा हात, डोळे बारीक. आज सांगताना आत्यावर माझी फार माया होती म्हणून तिला निवडलं, असं म्हणायला बरं वाटेल. पण ते खरं नाही. मला दादाला हरवायचं होतं. दादा कॅलेंडरवरून, फोटोवरून चौकटी पाडून काढायचा. मी जिवंत माणसावरून काढलं होतं. तेवढ्यावर माझं डोकं आभाळाला टेकलं होतं. दादानं वही बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाला, “काढ. पण आईला आत्ताच सांगू नको. आणि एक ध्यानात ठेव. आधी गडद-फिकट बघ, रंग मागून.”

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या माळेला सकाळी मी हॉलमध्ये बसले. रांगोळी भरणं हे रंगवण्यासारखं नसतं. ब्रश नाही, पाणी नाही. एकदा चिमटीतून सुटलं की ते सुटलं. जमिनीवर दोन रंग एकमेकांत मिसळता येत नाहीत, म्हणून जितके टोन लागणार तितक्या वाट्या आधीच तयार करून ठेवायच्या. मी माझ्या मते सोपा मार्ग काढला. दादाच्या डब्यातला अंगाचा रंग घेतला आणि त्यात काळी भुकटी घातली. एका वाटीत थोडी, दुसरीत जास्त, तिसरीत आणखी. आत्या काळी, तेव्हा अंगाच्या रंगात काळा घातला की आत्या, इतकं साधं. दुपारपर्यंत चेहरा भरून झाला. रेषा चोख होत्या. नाक तिचंच, हनुवटी तिचीच. मी उठून दोन पावलं मागे गेले. समोर राखेचा चेहरा होता. पांढऱ्या रांगोळीत काळा मिसळला की राखाडीच होणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला भरून होईपर्यंत सुचलं नाही. त्यात भर म्हणजे, आत्या काळी म्हणून मी तिचं कपाळही काळं केलं होतं, नाकाचा शेंडाही काळाच. उजेड म्हणून कुठे नव्हताच. शेजारी भरत बसलेला एक मुलगा मान वर करून हळूच म्हणाला, “ही गेलेली हाय काय?”

हे बोलणं माझ्याआधी घरी पोचलं. जिवंत माणसाचा चेहरा मेल्यासारखा काढला, तोही देवीचा घट बसलेला असताना. मी घरी आले तेव्हा आत्या मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं वर बघितलं नाही.

“जित्या मानसाचं असं काडू नये, पोरी,” एवढंच म्हणाली.

आई मात्र गप्प राहणाऱ्यातली नव्हती. तिनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि आवाज दाबून म्हणाली, “तुना अक्कल हाय काय? काली म्हनून टाकली तिला त्या लोकांनी. दुसरी आनली घरात. तुजा बाबा सतरा वर्सांचा होता, तो एकला गेला आनि होरीत बसवून खाडीतून घेऊन आला तिला. आनि तू तिलाच पावन्यांसमोर मांडतंस?” मग जरा थांबून तिनं मनातलं खरं ते सांगितलं. “तुजा रंग पन तिच्यावरच हाय. ते कशाला दाखवायचं लोकांना?”

मला आत्याबद्दल हे काहीच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं एका घरात राहून, तिच्या हातचं खाऊन, तिच्या शेजारी झोपून माहीत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. लाजेबरोबर रागही होता, कुणावर ते कळत नव्हतं. जेवण गेलं नाही. मी मागच्या बांधावर गेले, परत आले, पुन्हा गेले. दादानं निरोप दिला होता, प्रदर्शन परवा संध्याकाळी उघडतंय, तोवर पुसून टाक आणि लक्ष्मी भर, टोन डब्यात तयार आहेत. शहाणपणाचं तेच होतं.

चौथ्या माळेला पहाटेच आत्या खाजणात लाकडं वेचायला निघाली आणि मी तिच्या मागून चालू लागले. तिला ते आवडलं नाही. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली.

“काय बगतंस गो मना?”

“तुझं कपाळ.”

“त्यात काय बगायचं?”

मी डोळे बारीक केले, इतके की रंग जवळजवळ जाऊन नुसतं गडद-फिकट उरलं. तेव्हा दिसलं. सूर्य नुकता वर येत होता, आणि आत्याच्या कपाळावर, नाकाच्या दांड्यावर, गालाच्या हाडावर उजेड असा चकाकत होता की माझ्या गोऱ्या मावशीच्या चेहऱ्यावर तो तसा कधी दिसला नसता. गोऱ्या चेहऱ्यावर उजेड पसरतो आणि हरवतो. काळ्या चेहऱ्यावर तो ठळक उभा राहतो. तिच्या चेहऱ्यातली सगळ्यात फिकट जागा जवळजवळ पांढरी होती, आणि सगळ्यात गडद जागा काळी नव्हतीच; गळ्याखालची सावली पिकल्या जांभळाच्या रंगाची होती. कानाची पाळी उन्हात लाल. आणि कपाळाच्या खालच्या अंगाला, भुवयांवर, पाण्यावरून उलटून आलेला निळसर उजेड. उन्हाळ्यात मिठाच्या ढिगाशेजारी तो याहून जास्त होता. मी पेन्सिलीनं तो काढलाही होता, आणि रांगोळीत विसरले होते. मी तिला डोकं वळव म्हटलं, ती वैतागत वळली. खाली बघ म्हटलं, तिनं तेही केलं. मग म्हणाली, “मीठ बगतंस तसं बगतंस तू,” आणि थोडीशी हसली असावी. मी खात्रीनं सांगू शकत नाही.

मी धावतच घरी आले. या वेळी पांढऱ्या रांगोळीला हातच लावला नाही. बांधावरची सुकलेली माती कुटून फडक्यातून गाळली, तो माझा पाया. त्यात गेरू, थोडी विटेची भुकटी, सावलीसाठी जांभळा आणि गडद निळा. काळा डबा मी कोपऱ्यात सरकवून ठेवला. पण नुसत्या वाटीत बघून रंग बरोबर आहे की नाही कळेना, आणि आत्या पुन्हा बसायला तयार नव्हती. तेव्हा आईचं आदल्या रात्रीचं बोलणं आठवलं. मी हाताची बाही वर केली आणि मनगटाच्या वर चिमूटभर भुकटी सोडली. ती पिवळट दिसली. गेरू वाढवला. आता लालसर. किंचित निळा घातला, पुन्हा सोडली. आठव्या की नवव्या वेळी भुकटी हातावर पडली आणि दिसेनाशी झाली. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणत नाहीत. कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारावी आणि आपण दचकावं, तसं झालं. माझ्या अंगाचा रंग मी पहिल्यांदा बघत होते. तोवर मी तो फक्त पावडरखाली झाकत आले होते.

हॉलमध्ये जाऊन मी राखेचा चेहरा पुसून टाकला, आणि मग दिवसभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरत होते. आधी गडद जागा, मग मधल्या, शेवटी उजेड. दादा एकदा येऊन मागे उभा राहिला. “बल्बाखाली पिवळं जास्त दिसंल, निळा थोडा वाढव,” म्हणाला, आणि स्वतःच वाटीत निळा घालून गेला. त्यानं माझ्या कामाला लावलेला तो एकमेव हात. प्रदर्शन उघडलं. लोक दाराशी थांबायला लागले. कुणी म्हणालं हिराबाय बोलंल आता, कुणी म्हणालं एवढ्या सुंदर सुंदर रांगोळ्यांत ही कशाला. आत्या स्वतः मात्र फिरकली नाही.

सातव्या माळेला मुलाची आई आली. सोबत दोन बायका. आमची आई, बाबा, मी नवी साडी नेसून, तोंडाला पावडर लावून. बाई बोलायला चांगल्या होत्या, उगाच वाईट कशाला म्हणू. त्यांनी सगळ्या रांगोळ्या बघितल्या, शेवटी दाराजवळ आल्या, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चित्राकडे. नेमकी त्याच वेळी धुतलेलं लुगडं नेसून आत्या दारात आली होती. चहा झाला की पावण्यांना घरी बोलवायला ये, असं निघायच्या घाईत आईनंच तिला सांगून ठेवलं होतं.

“मुलगी आत्यावर गेली वाटतं,” बाई म्हणाल्या.

आई घाईनं म्हणाली, “नाय हो, बल्बाचा उजेड तसा हाय. दिवसाची उजल दिसते ती.”

आत्या तशीच मागे वळली. मी तिची पाठ बघितली आणि माझं डोकं फिरलं. मी खाली वाकले, काठाला ठेवलेल्या वाटीतली भुकटी घेतली, बाही वर केली आणि सगळ्यांसमोर हातावर सोडली.

“बल्बाचा नाही,” मी म्हणाले. “हा रंग मी माझ्या हातावरून घेतलाय. बघा, दिसतोय का वेगळा?”

बाईंनी बघितलं, मान हलवली, आणि देवीला जायला उशीर होतो म्हणून निघाल्या. चहाला थांबल्या नाहीत. आईनं घरी येऊन पदरात तोंड लपवलं. मीही रडले, पण पश्चात्ताप म्हणून नाही. बाबांकडे बघायची हिंमत नव्हती. माझा कोर्सही त्या चिमटीबरोबर जमिनीवर सांडला असं मी धरून चालले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निरोप आला की मुलाला अजून दोन वर्षं थांबायचंय. बाबा ओटीवर बसले होते. आत्या आतून आली, दाराला धरून उभी राहिली.

“माज्यामुलं मोडलं पोरीचं,” ती म्हणाली.

बाबा उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, “चल, हॉल बंद व्हायच्या आधी बगून येऊ. तू बगलंस तरी काय?”

मी त्यांच्या मागून गेले. हॉलमध्ये गर्दी ओसरली होती. आत्या दोरीच्या कडेला उकिडवी बसली, वाफ्याच्या काठावर बसायची तशी, आणि डोळे बारीक करून बघत राहिली. बाबा तिच्या मागे उभे. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “भिवईवर ह्यो निला कशाला?”

“मिठाचा उजेड आहे तो. खालून येतो.”

“म्हाईत हाय मना,” बाबा म्हणाले. “रोज बगतो. कोनी काडंल असं वाटलं नव्हतं.”

आत्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती चित्राशीच बोलल्यासारखी म्हणाली, “येवरी बरी दिसतंय मी. आजवर कोनी सांगलं नाय.” बाबांनी मान दुसरीकडे वळवली. थोड्या वेळानं आत्यानं हात वर केला, बाबांनी तो धरून तिला उठवलं, आणि हात न सोडताच ती म्हणाली, “बाला, पोरीला मुंबयला जाऊ दे.”

इतक्या वर्षांत तिनं त्या घरात स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी कधी काही मागितलं नव्हतं. बाबा ‘बघू’ म्हणाले नाहीत.

“जाईल,” म्हणाले.

आणि जूनमध्ये मी गेले.